शेवटचा शेक

त्या कारखान्यात भट्टीवालीइतकं भित्रं माणूस दुसरं नव्हतं, आणि भट्टी तिच्याइतकी जिवापाड सांभाळणारंही कोणी नव्हतं. या दोन गोष्टी एका जागी कशा नांदतात असं नव्या माणसाने विचारलं की धातू लाटायच्या रोलवर काम करणारे म्हातारे मिस्त्री, ज्यांना सगळे लाटणेमामा म्हणत, ते हसून सांगायचे, "अहो, घाबरते म्हणून तर सांभाळते! धीट माणूस ठेवला असता तर आपण सगळे केव्हाच छपरातून वर गेलो असतो."

थट्टा असली तरी त्यात खोटं काही नव्हतं. भट्टी म्हणजे आडवी पडलेली, माणसाच्या दुप्पट लांबीची नळी. तिच्या पोटात हवा नाही, हायड्रोजन. बाहेर येणारा वायू जळून जावा म्हणून तोंडाशी एक फिकट ज्योत दिवसभर तेवत ठेवायची. ती विझली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर पुढचं बोलायलाच नको. भट्टीवाली केस बांधतानाही एक डोळा त्या ज्योतीवर ठेवायची आणि डबाही तिच्याकडे तोंड करूनच खायची. घरी गॅसवर दूध ठेवलं की तीच सवय, त्यामुळे तिच्या घरचं दूध कधी उतू गेलं नाही.

भट्टीत जायच्या त्या मॉलिब्डेनम नावाच्या धातूच्या, करंगळीएवढ्या जाड सळ्या. मोठा तिरपागडा धातू. लोखंडाचं पाणी होईल अशा आचेत हा ढिम्म, म्हणूनच त्याला मागणी. पण थंड असताना वाकवायला गेलात तर काडकन मोडणार. त्यामुळे त्याचे सगळे लाड गरम असतानाच करायचे. गरम करायचं, लाटणेमामांच्या रोलमधून काढायचं, पुन्हा गरम करायचं, पुन्हा काढायचं. सगळ्यात शेवटी, लाटून लाटून आतून ताठरलेल्या सळीला नऊशे अंशांवर अर्धा तास शेकायचं. याला कारखान्यात शेवटचा शेक म्हणत. त्यानंतर सळी वाकवायच्या टेबलावर जायची आणि तिथे गॅसच्या ज्योतीने तापवून तिला हवा तो आकार मिळायचा.

भट्टीवालीला भट्टी तिच्या मावशीकडून मिळाली होती. तिच्या आईची थोरली बहीण आधी हीच भट्टी सांभाळायची, आणि भाचीला हाताशी धरून शिकवताना तिने एक गोष्ट कानात सांगितली होती. "साहेब लोक सांगतात नऊशे. वहीत नऊशेच लिहायचे. पण वर दोनशे आपल्या हाताचे घालायचे. सळी मऊ राहते, पुढचा माणूस दुवा देतो." स्वयंपाक करणारी बाई मापाच्या वर चिमूटभर टाकते तसं हे. मावशी त्या दोनशेच्या जोरावर इज्जतीने निवृत्त झाली. भाचीनेही पंधरा वर्षं तेच केलं, आणि एवढी भित्री बाई, पण या एका बाबतीत तिला कधी भीती वाटली नाही. जास्त आच म्हणजे जास्त मऊ, यात घाबरण्यासारखं काय होतं?

वाकवायच्या टेबलावर तिचा नवरा होता. त्याच्या हातचा काटकोन गुण्या लावून बघितला तरी केसभर चुकायचा नाही, म्हणून सगळे त्याला काटकोनच म्हणत. दोन वर्षांपूर्वी याच टेबलावर एक सळी मोडली आणि तिची किरच त्याच्या डाव्या डोळ्यात गेली. डोळा गेला. त्या दिवशी सिलिंडर संपत आलं होतं, ज्योत मंद होती, सळी पुरती तापली नव्हती. "दुसरं सिलिंडर आणायचा कंटाळा केला मी," तो सगळ्यांना सांगायचा. "घाई केली. दोष कोणाला देऊ?" डॉक्टरांनी काढलेली ती किरच त्याने खोकल्याच्या गोळ्यांच्या एका पत्र्याच्या डबीत ठेवली होती आणि डबी कारखान्यातल्या कपाटात. कोणी डोळ्याची चौकशी केली की म्हणायचा, "आहे की, डबीत आहे."

तेव्हापासून घरी जाताना भट्टीवाली त्याच्या डाव्या बाजूने चालायची. खड्डा, सायकल, दुकानाची पुढे आलेली फळी, सगळं तीच सांगायची. ती गप्प झाली की तो न वळता विचारायचा, "आहेस का?" ती म्हणायची, "आहे." दोन वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कधीकधी घरात, जेवताना, उगाचच तो विचारायचा आणि दोघं हसायची.

आणि आता कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंनी नवीन मिश्रधातू काढला होता. मॉलिब्डेनममध्ये आणखी एक दुर्मीळ धातू मिसळला की सळी थंड असतानाच वाकते, तापवायची गरजच उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. सहा सळ्या तयार झाल्या. एकीला बाईंनी आपल्या प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीत स्वतः शेकलं, पाच भट्टीवालीकडे आल्या. चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि सळ्या वाकवायला बाईंनी काटकोनलाच निवडलं. हाताने, थंड, टेबलावर.

तो इतका खूश झाला की घरी येईपर्यंत गुणगुणत होता. "दोन वर्षं मला सोपी कामं देतात गं. एका डोळ्याचा म्हणून. आज बाईंनी स्वतः येऊन विचारलं."

भट्टीवालीने मान हलवली. त्याच दुपारी तिने त्या पाच सळ्यांना शेवटचा शेक दिला होता. सळ्या थंड वाकवायच्या आहेत आणि कोण वाकवणार आहे हे तिने आधीच ऐकलं होतं. काट्यावर नऊशे लावून तिने हात तिथेच ठेवला. मावशीचे दोनशे घातले. मग तिला त्याचा उजवा डोळा आठवला आणि तिने आणखी दोनशे घातले. तेराशे. वहीत लिहिलं नऊशे. जितक्या मऊ होतील तितक्या हव्यात, असं ती स्वतःशी पुटपुटली.

सकाळी चहाच्या वेळी बाई भट्टीपाशी आल्या. हातात भिंग आणि प्रयोगशाळेतल्या नमुन्यांचे दोन मोडलेले तुकडे. चष्मा कपाळावर सारून त्या लाटणेमामांना दाखवू लागल्या. भट्टीवाली कप हातात घेऊन मागे उभी होती.

"मामा, हा तुकडा बघा. मोडलाय तिथे तंतू दिसतात ना, बांबू मोडावा तसे? ही चांगली सळी. आता हा बघा."

"चमकतोय की! साखर सांडल्यासारखा."

"हा जास्त शेकलेला. आच वाढली की आतले कण मोठे होतात, तंतू राहतच नाहीत. गंमत म्हणजे गरम असताना ही सळी लोण्यासारखी मऊ लागते. थंड झाली की काच. चांगली सळी कोमट असतानाही वाकते. ही नुसती हात लावायचा अवकाश, फुटते."

"मग तुमच्या त्या नव्या धातूचा काय उपयोग?"

"आहे ना उपयोग. पण शेक हाताबाहेर गेला तर तोही हात टेकतो. म्हणून तर मी वही बघून आले." बाई भट्टीवालीकडे वळून हसल्या. "नऊशेला नऊशे. तुमच्या भट्टीचा भरवसा आहे म्हणून मी तुमच्या यजमानांना सळी हातात धरू देतेय, नाहीतर दिली नसती."

भट्टीवालीने चहा न पिताच कप खाली ठेवला.

तिच्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते एवढंच: पाच सळ्या. मग पंधरा वर्षांतल्या सगळ्या सळ्या आल्या. मग एकच आली, दोन वर्षांपूर्वीची. तिच्यापाशी पोचताच तिचं मन आल्या वाटेने उलटं पळालं, कारण तिथे उभं राहायची तिची छाती नव्हती. ते नंतर, ती स्वतःला म्हणाली. आधी या पाच.

चाचणी अकराला होती. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. ती भट्टी सोडू शकत नव्हती, आत दुसऱ्या कामाच्या सळ्या होत्या आणि त्या निघेपर्यंत ज्योतीपाशी माणूस हवा. तिने तशीच मान वळवून टेबलाकडे पाहिलं. काटकोन सहाही सळ्या फडक्याने पुसून ओळीने लावत होता. पाच एकीकडे, बाईंची एक वेगळी.

खरं बोलायचं तर बोलायचं काय? की पंधरा वर्षं मी खोटं लिहिते? भट्टी जाईल, मावशीचं नाव जाईल. पण तेही एक वेळ चाललं असतं. त्याच्यापुढे खरं बोललं की तो पुढचा प्रश्न विचारणार, आणि त्या प्रश्नाने तिची पाचावर धारण बसली होती. तिने भित्र्या माणसाचा रस्ता धरला. काही न सांगता वेळ मारून नेता येते का, ते बघायचं.

सळ्या निघाल्या तशी ती, एक डोळा मागे ज्योतीवर ठेवून, पळतच टेबलापाशी गेली. "अहो, तुमचं पोट दुखत होतं ना सकाळी?"

"माझं? कधी?"

"मग... मग जरा तापवून घ्या ना सळी. थोडीशी."

"अगं वेडी का खुळी तू! तापवली तर चाचणी कसली?" तो हसला. तोंडावरची संरक्षक जाळी त्याने नेहमीसारखी वर सारली होती, एका डोळ्याने जाळीतून नीट दिसत नाही म्हणून.

"जाळी तरी खाली घ्या."

"घेतो घेतो. जा तू, ज्योत बघ तुझी."

बाई आल्या, मामा आले, दोनचार जण कामं टाकून जमले. काटकोनने आधी बाईंची सळी घेतली. दोन खुंट्यांमध्ये अडकवली, पाय रोवले आणि टेबलाचा दांडा ओढला. सळी वाकली. एवढा आडमुठा धातू, आणि तारेसारखा शांतपणे नव्वद अंशांत येऊन थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचे डोळे भरून आले. मामांनी गुण्या लावला आणि म्हणाले, "काटकोन तो काटकोनच!" त्याने मान मागे टाकून दाद घेतली आणि जाळी पुन्हा वर सारली. घाम पुसला. दुसरी सळी उचलली.

ती भट्टीवालीची होती.

तो ती अडकवत होता तेव्हा तिला त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता, आणि उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या, हसून हसून पडलेल्या. त्याने पाय रोवले. दांड्यावर दोन्ही हात ठेवले.

"थांबा!"

आवाज इतका मोठा आला की मामांच्या हातातला गुण्या पडला.

"ओढू नका. मी खोटं लिहिलंय वहीत. नऊशे नाही, तेराशे दिलेत. पाचही सळ्यांना." आणि कोणी काही विचारायच्या आत ती पुढे म्हणाली, "मऊ व्हाव्या म्हणून दिले. तुम्हाला लागू नये म्हणून."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी काटकोनचा हात धरून त्याला टेबलापासून बाजूला नेलं, लहान मुलाला रस्त्यातून ओढावं तसं. मग सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. मामांनी दांड्याला दोरी बांधली आणि लोखंडी पत्र्याच्या आडोशाला उभं राहून ओढली.

सळी वाकली नाही. जरासुद्धा नाही. एक कोरडा आवाज झाला आणि ती तीन ठिकाणी तुटली. दोन तुकडे जमिनीवर नाचले. तिसरा टेबलामागच्या लाकडी कपाटाच्या दारात घुसून बसला, काटकोन मघाशी उभा होता तिथेच, त्याच्या भुवईच्या उंचीला.

मामांनी जवळ जाऊन त्या तुकड्याला बोट लावून पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाले, "आज वाचलो रे बाबा." नेहमीसारखं हसू मात्र त्यांच्या तोंडावर आलं नाही.

बाईंनी हळू आवाजात विचारलं, "असं नेहमी करता तुम्ही?"

"वर दोनशे नेहमीचे. मावशीने शिकवलेले." तिला वाटलं, बाई ओरडतील. बाई नुसत्या खाली बसल्या, हातात कपाळ धरून. "तुम्ही मला विचारायचं होतं हो," त्या म्हणाल्या. "मीही कधी समजावून सांगितलं नाही. नुसता आकडा देत राहिले."

काटकोन कपाटाच्या दारापाशी गेला होता. पकडीने तो तुकडा उपसून काढला आणि मोडलेली बाजू उजव्या डोळ्याजवळ नेली. साखरेसारखी चमकत होती. तो कपाट उघडून आत काहीतरी शोधू लागला, आणि काय शोधतोय ते भट्टीवालीला लगेच कळलं. गोळ्यांची डबी. त्याने झाकण काढलं. नखाएवढी किरच तळहातावर घेतली, शेजारी नवीन तुकडा ठेवला आणि खिडकीच्या उजेडात हात फिरवला. दोन्ही चमकले.

"बाई, तुमचं भिंग द्या जरा."

बाईंनी दिलं. त्याने बघितलं. पुन्हा बघितलं. मग भिंग परत देऊन तो भट्टीवालीसमोर येऊन उभा राहिला. कारखान्यात मोठी भट्टी एकच होती आणि तिच्यावर बसणारी बाईही एकच. तरी त्याने विचारलं.

"दोन वर्षांपूर्वीची ती सळी. तिचा शेवटचा शेक कोणी दिला होता?"

"मी."

"किती?"

"अकराशे."

"वहीत?"

"नऊशे." मग तिला वाटलं, हेही सांगायला हवं. "मला खरंच माहीत नव्हतं हो. आजच कळलं, सकाळी."

त्याने बाईंकडे पाहिलं. "नीट शेकलेली असती तर? अर्धवट तापलेली, ज्योत मंद असताना?"

बाईंना उत्तर द्यायचं नव्हतं, ते दिसत होतं. पण त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "वाकली असती," त्या म्हणाल्या.

तो बराच वेळ डबीचं झाकण लावत राहिला. झाकण साधं होतं, एका हाताने लागणारं. "म्हणजे मी घाई केली म्हणून नाही," तो म्हणाला. हे त्याने कोणालाच उद्देशून म्हटलं नाही. दोन वर्षं त्याने स्वतःला केवढं कोसलं असेल, हे तिला त्या वाक्यातून पहिल्यांदा कळलं. दिवसभर शेजारी चालून, रात्रभर शेजारी झोपून कळलं नव्हतं.

बाईंनी त्या दिवसापुरती भट्टी बंद ठेवायला सांगितलं. नियमाप्रमाणे आधी आतला वायू काढून टाकला, मग ज्योत विझवली. भट्टीवाली तिथेच स्टुलावर बसून राहिली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिला बघायला काही नव्हतं, आणि तरी ती त्याच जागेकडे बघत होती. टेबलावरून दिवसभर कानशीचा आवाज येत होता. तो कोणाशी बोलला नाही. तिच्याकडे आलाही नाही. डबा त्याने तिकडेच खाल्ला.

सुटी झाली तेव्हा ती फाटकापाशी जाऊन थांबली. तो येईल का, आला तर थांबेल का, थांबला तर काय म्हणेल, एकेका प्रश्नाने तिचा जीव टांगणीला लागला होता. तो आला. थांबला नाही, पण पावलं हळू केली. ती सवयीने डाव्या बाजूला गेली आणि चालू लागली. एक सायकल आली, तिने त्याचं कोपर धरून त्याला आत ओढलं. त्याने कोपर सोडवून घेतलं नाही. दुकानं गेली, पंक्चरवाला गेला, वळण आलं. ती पूर्ण वेळ वाट बघत होती की तो विचारेल, आहेस का. त्याने विचारलं नाही.

घराच्या गल्लीच्या तोंडाशी तो थांबला.

"या बाजूला ये," तो म्हणाला.

"काय?"

"उजवीकडे ये. मला दिसशील अशी चाल."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ती त्याच्या पुढून वळसा घालून उजवीकडे गेली. त्याने एकदा तिच्याकडे नीट पाहिलं आणि तो चालू लागला. आता त्याची डावी बाजू मोकळी होती. गल्लीत मुलं सायकली फिरवत होती, कोणीतरी शिडी टेकवून ठेवली होती, आणि तिकडून काय येतंय ते बघायला तिला टाचा उंचावून त्याच्या चेहऱ्यापलीकडे पाहावं लागत होतं.